तुरुंगातील श्रमांचे मोल

विंडसर राजवाड्यातील वॉटर्लू दालनात सुमारे ८० फूट लांब व ४० फूट रुंद असा एक प्रचंड गालिचा आहे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तो विणवून घेण्यात आला आणि १८९४ साली तेथे पोहोचला. तो विणणारे हात आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांचे होते. त्या हातांच्या श्रमाचे मोल कोणते, हा प्रश्न मात्र गालिच्याच्या कौतुकात मागे पडला.

कंपनी सरकारच्या काळात कैद्यांना रस्तेबांधणीवर जुंपले जाई. मेकॉले ज्या समितीचे सदस्य होते, तिने १८३८ च्या अहवालात ही पद्धत बंद करून कैद्यांना भिंतींच्या आत नीरस कष्ट द्यावेत, अशी शिफारस केली. उद्देश धाक बसविण्याचा होता. परंतु धाकाने तिजोरी भरत नाही. बंगालमधील तुरुंगांचे महानिरीक्षक डॉ. फ्रेडरिक मौआट यांनी १८५५ नंतर तुरुंगांना कारखान्यांचे रूप देण्याचा आग्रह धरला. कैद्याने स्वतःचा खर्च स्वतःच भागवावा, ही त्यामागील भूमिका. पुढे खासगी कारखानदारांनी या स्वस्त मालाच्या स्पर्धेविरुद्ध ओरड केली, तेव्हा तुरुंगातील माल मुख्यतः सरकारी खात्यांकडे वळविण्यात आला. कारखानदाराचे गाऱ्हाणे ऐकले गेले. कैद्याला ते मांडण्याची सोयच नव्हती.

हिशेबाच्या दृष्टीने या व्यवहारात एक मूलभूत दोष होता. ज्याला नफा म्हटले जाई, त्याचा मोठा भाग म्हणजे न दिलेली मजुरी होती. अंदमानात तर धाक आणि उत्पन्न हे दोन्ही हेतू एकत्र आले. १८९६ ते १९०६ या काळात कैद्यांकडूनच सेल्युलर जेल बांधून घेण्यात आले आणि पुढे तेथील कोलूवर दिवसाला ३० पौंड खोबरेल काढण्याची सक्ती झाली.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस बंदी घातली. १८९४ च्या तुरुंग कायद्याची चौकट मात्र कायम राहिली. सक्तमजुरीच्या कैद्याकडून काम घेता येईल, पण त्याला न्याय्य मजुरी दिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले. या मजुरीचा काही भाग गुन्ह्यास बळी पडलेल्यांच्या भरपाईसाठी राखून ठेवण्याची दिशाही त्याच निकालाने दाखविली. तुरुंगातील झाडलोट व स्वयंपाक जातीनुसार वाटून देणारे नियम रद्द होण्यास तर २०२४ साल उजाडावे लागले.

सरकारी कचेऱ्यांतील कित्येक टेबलखुर्च्या आजही कैद्यांनीच घडविलेल्या असतात. अनेक राज्यांत त्यांची मजुरी किमान वेतनाहून कमीच आहे. ही तूट अखेर कैद्याच्या घरी पोहोचते आणि ज्यांना कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरविलेले नाही, अशी त्याची बायकामुले ती सोसतात. न्याय्य मजुरीचा आग्रह हा केवळ दयेचा विषय नसून चोख हिशेबाचाही आहे, तो याचसाठी.