तीन मिलिमीटरचा जीव आणि व्हेलचा रस्ता

आजचा विषय अगदी लहान जिवाचा आहे, पण सुरुवात आपण एका मोठ्या प्राण्यापासून करू.

२०१७ साली उत्तर अटलांटिकमध्ये १७ राइट व्हेल मेलेले सापडले, त्यांतले १२ कॅनडाच्या पाण्यात. या जातीचे ४०० व्हेलदेखील आज उरलेले नाहीत, यावरून हा आकडा किती गंभीर आहे ते कळेल. जहाजांची धडक आणि खेकडे धरायच्या दोरांत अडकणं, ही कारणं पुढे आली. पण मुळात हे व्हेल एवढ्या संख्येने सेंट लॉरेन्सच्या आखातात गेले कशाला? पूर्वी तर ते उन्हाळ्यात दक्षिणेकडे, मेनच्या आखात-परिसरात चरायचे.

उत्तर त्यांच्या अन्नात आहे. त्याचं नाव कॅलॅनस फिनमार्किकस. हा एक प्राणिप्लवक, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणारा सूक्ष्म प्राणी. कोळंबीचा दूरचा नातलग, लांबी जेमतेम ३ मिलिमीटर. आपल्या बाजारातला जवळासुद्धा त्याच्यापुढे दांडगा.

या जिवाचे दोन गुण ध्यानात ठेवू. पहिला, चरबी. वसंतात समुद्रात सूक्ष्म वनस्पती माजतात, तेव्हा तो भरपूर खातो आणि मेणासारखी चरबी शरीरातल्या पिशवीत साठवतो. पुष्ट जिवाच्या सुक्या वजनात निम्म्याहून अधिक चरबीच असू शकते. व्हेलला हवी असते ती हीच. दुसरा गुण, झोप. प्रौढ होण्याच्या एक पायरी आधी तो वाढ थांबवतो, शेकडो मीटर खोल उतरतो आणि कित्येक महिने काही न खाता पडून राहतो. हिवाळा सरता सरता जागा होतो, वर येतो, अंडी घालतो.

आता हिशेब मांडू. झोपेत खर्च होतो तो साठवलेल्या चरबीचा. पाणी थंड असेल तर खर्च कमी. पाणी गरम झालं की शरीराचा वेग वाढतो, शिधा लवकर संपतो, झोपही आखूड होते. म्हणजे या जिवाला वर अन्न आणि खाली थंड, खोल पाणी, दोन्ही लागतं. यालाच आपण त्याचा 'कोनाडा' म्हणू. हा कोनाडा नकाशावर रेघ मारून ठरत नाही, तो त्या जिवाच्या शरीरातून ठरतो.

कुणी म्हणेल, गरम पाणी तर सगळ्यांनाच सारखं. तसं नाही. अटलांटिकच्या दुसऱ्या काठावर, ब्रिटनच्या पूर्वेला उत्तर समुद्र आहे. तिथे याचाच भाऊबंद राहतो, कॅलॅनस हेल्गोलँडिकस. दिसायला इतका सारखा की ओळख पटवायला सूक्ष्मदर्शकाखाली पाचव्या पायाची जोडी बघावी लागते. पण त्याला उबदार पाणी मानवतं आणि तो तशी लांब, खोल झोप घेत नाही. १९३१ पासून तिथे जहाजांमागे रेशमी जाळीचं यंत्र ओढून प्लवकांची नोंद ठेवली जाते. त्या नोंदींत दिसतं की पाणी तापत गेलं तसा फिनमार्किकस उत्तरेकडे सरकला आणि हेल्गोलँडिकस वाढला. मात्र याचा बहर उशिरा, शरदाकडे येतो. कॉड माशाच्या पिल्लांना घास लागतो वसंतात. कॉड घटला त्यात बेसुमार मासेमारी होतीच, ही चुकलेली वेळही होती.

आता मेनच्या आखाताकडे परत येऊ. हा फिनमार्किकसच्या प्रदेशाचा दक्षिण काठ. २०१० नंतर तिथल्या खोल पाण्यात ऊब शिरली, उन्हाळ्याअखेरचा फिनमार्किकस कमी झाला, आणि व्हेल अन्नामागे उत्तरेला गेले. तिथे जहाजं होती, दोर होते. व्हेल येतील या हिशेबाने केलेले नियम मात्र नव्हते. पुढे कॅनडाने जहाजांच्या वेगावर मर्यादा घातली, व्हेल दिसतील तिथली मासेमारी थांबवायला सुरुवात केली.

म्हणून व्हेल उद्या कुठे असेल हे ओळखायचं, तर नुसता व्हेलचा माग काढून भागत नाही. ३ मिलिमीटरच्या जिवाजवळ किती चरबी उरली आहे आणि त्याला झोपायला थंड जागा कुठे आहे, हे आपल्याला आधी विचारावं लागतं.