उभी गाडी (भाग ९) : तंबाखूची पुडी

या आठवड्यात उंदीर गाडीत शिरू नये म्हणून लावायच्या जाळीबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतोय. गेल्या भागाच्या शेवटी मी जाता जाता लिहून गेलो की वासाच्या उपायांवर माझा फारसा भरवसा नाही, आणि त्या एका वाक्यावर आली तेवढी पत्रं आधीच्या आठ भागांवर मिळूनही आली नव्हती. डांबरगोळ्या, फिनेल, कापूर, पुदिन्याचं तेल, कडुनिंबाचं तेल. एका गृहस्थांनी तर अत्तराचा फाया सुचवलाय. कराडचे एक वाचक जरा रागावलेलेच दिसतात. ‘मी दोन वर्षं बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवतो. एकही वायर कुरतडलेली नाही. बोला!’

बोलतो. पण आधी माझ्या पुडीची हकिकत.

नऊ-दहा वर्षांपूर्वीचा पावसाळा. आमची जुनी गाडी तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये अगदी भिंतीलगत उभी असायची आणि भिंतीपलीकडे ओल्या कचऱ्याचा खड्डा. बॉनेट उघडलं की बॅटरीच्या ट्रेमध्ये लेंड्या हमखास. तेवढ्यात मेहुणे निपाणीहून आले. त्यांनी येताना अख्खी पानं आणली, चांगली तपकिरी, जाड शिरांची. पिशवी एक रात्र कपाटात राहिली तर आठवडाभर माझ्या शर्टांना पानटपरीचा वास येत होता. जुन्या पंचाच्या तुकड्यात हिने त्याची पुरचुंडी बांधून दिली, मी ती बॅटरीशेजारी प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बसवली. दुसऱ्या दिवशी लेंडी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आठवडा कोरडा गेला. मग काय, मी सोसायटीभर सांगत सुटलो. आणखी पाच गाड्यांत पुरचुंड्या चढल्या.

विसाव्या दिवशी एसी लावला तर टपरीचा वास थेट तोंडावर. बॉनेट उघडलं. पुरचुंडी जागेवर नव्हती. नुसती पट्टी राहिली होती, गाठ मारलेली, शाबूत. कप्प्यातला टॉर्च काढून शोध घेतला तेव्हा इंजिनाच्या मागच्या बाजूला, खालच्या प्लॅस्टिकच्या ताटावर घर सापडलं. बॉनेटच्या आतल्या अस्तराचा कापूस, नारळाची किशी, दुधाच्या पिशवीच्या चिंध्या, माझा पंचा बारीक पट्ट्या करून, आणि त्यात अंथरल्यासारखी निपाणीची पानं. वर तीन गुलाबी पिल्लं, डोळे मिटलेली. खोक्यात भरून भिंतीकडेला ठेवली. सकाळी खोकं रिकामं होतं; आईने एकेक करून नेली असावीत.

(विषयांतर होतंय, पण हे सांगायलाच हवं. मेक्सिको शहरातल्या चिमण्या घरट्यात सिगारेटची थोटकं आणून ठेवतात आणि ज्या घरट्यात थोटकं जास्त तिथे गोचिडीसारखे रक्तपिपासू किडे कमी, असं तिथल्या संशोधकांना २०१२ साली आढळलं. आमच्या उंदरीणबाईंनी एवढा विचार केला होता असं मी म्हणत नाही. त्यांना बहुतेक पंचा आवडला.)

आता खरा प्रश्न. पानांत दम नव्हता तर पहिला आठवडा कोरडा कसा गेला?

उंदीर नव्याला बिचकतो. रोजच्या वाटेवर काल नसलेली वस्तू आज दिसली, मग ती तंबाखू असो की साधी वीट, तर तो दोन-चार दिवस, कधी आठवडाही त्या बाजूला फिरकत नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये धान्याचे साठे वाचवायचे होते, तेव्हा ऑक्सफर्डमध्ये चार्ल्स एल्टन यांच्या संस्थेने उंदरांचा पिच्छा पुरवला. त्या कामात या बिचकण्याचा नीट अभ्यास झाला, कारण विष ठेवलं तरी उंदीर त्याला तोंडच लावत नव्हते. आपल्याकडे शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. झिंक फॉस्फाइड घालण्याआधी दोन-तीन दिवस नुसतंच तेल लावलेलं धान्य टाकायचं, उंदराला सवय लागली की मग विषाचं. कृषी खात्याची शिफारसही तीच.

म्हणजे बघा, बॉनेटमध्ये तुम्ही काहीही नवीन ठेवलंत तरी पहिला आठवडा यश ठरलेलं. शेजाऱ्याला आपण सांगतो तेही त्याच आठवड्यात. पुढे उंदीर सरावतो, परत येतो, तोवर शेजाऱ्याने पुरचुंडी बांधलेली असते आणि त्याचा पहिला आठवडा सुरू झालेला असतो. अशा रीतीने उपाय गावभर फिरतो आणि कुठेच खोटा पडत नाही. माझ्या मते सोसायट्यांमधले निम्मे रामबाण उपाय याच भांडवलावर चालतात. फडताळामागे पळणारा छोटा उंदीर मात्र वेगळा. तो बिचकण्याऐवजी नवीन वस्तू हुंगायला आधी येतो. त्याच्यापुढे पहिल्या आठवड्याचंही यश नाही.

कराडकरांच्या पत्राची तिसरी ओळ मी पुन्हा वाचली : ‘कामानिमित्त रोज साताऱ्याला जाऊन येतो.’ अहो, मग दुसऱ्या भागात आपण काय बोललो होतो? रोज शंभर किलोमीटर पळणाऱ्या, रोज तापणाऱ्या गाडीत उंदीर बिऱ्हाड मांडत नाही. फार तर रात्री ऊब घ्यायला टेकेल. पुडी ठेवा, माझी ना नाही. पण श्रेय साताऱ्याच्या रस्त्याला द्या.

डांबरगोळ्यांचं वेगळं आहे. ही गोळी नॅफ्थलीनची, आणि नॅफ्थलीन मूळचं दगडी कोळशाच्या डांबरातून निघालेलं. आपल्या भाषेने ते नावातच नोंदवून ठेवलंय. कपाटात ती चालते कारण कपाट बंद असतं, वाफ कोंडून राहते. बॉनेट खालून उघडं. शिवाय नॅफ्थलीन ८० अंशांना वितळतं आणि चालू इंजिनातलं पाणीच ९० अंशांच्या आसपास असतं. रेडिएटरपाशी ठेवलेली गोळी पुण्याहून लोणावळ्याला पोचेपर्यंत निम्मी झालेली असते. आणि गेलेली निम्मी कुठे गेली? बॉनेट उघडून वायपरच्या खालची जाळी बघा. बाहेरची हवा घ्यायचा एसीचा रस्ता तिथूनच आहे. उंदराच्या आधी ती वाफ तुमच्या नाकात. लहान मुलांना ही वाफ चांगली नाही, आणि ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं त्यांच्या तर तांबड्या पेशीच फुटतात. गाडीत डांबरगोळी नकोच. या बाबतीत मी वाद घालणार नाही.

तिखटाबद्दल मात्र मला आदर आहे, कारण तिखट हा वास नाहीच. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या, कातडीतल्या ज्या चेतातंतूंना भाजल्याचं कळतं त्यांनाच जाऊन धरतं. तो धरण्याचा खटका डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा ठरला. तो खटका तुम्हा-आम्हाला आहे, उंदरालाही आहे. पक्ष्यांचा खटका मिरचीला दाद देत नाही, म्हणून पोपट हिरवी मिरची काकडीसारखी खातो. होंडा कंपनीची कॅप्सायसिन भरलेली टेप मिळते, ती वायरींवर गुंडाळायची. दात लागला की उंदराला प्रसाद मिळतो. म्हणजे उंदीर येण्याचं ती थांबवत नाही, फक्त तेवढी वायर वाचवते.

मी घरगुती प्रयोग केला होता. लवंगी मिरचीची पूड तेलात खलून वायरींना फासली. पहिल्या पावसात खड्ड्यातलं पाणी खालून उडालं, निम्मं तिखट धुऊन गेलं. उरलेलं निम्मं आमच्या फिटरच्या बोटांना लागलं आणि त्याने कपाळावरचा घाम पुसता पुसता डोळे चोळले. तो पुढे महिनाभर माझी गाडी दिसली की आधी विचारायचा, ‘काका, आज काय लावलंय?’

हे सगळं लिहीत असताना भाच्याचा स्टुटगार्टहून निरोप आला. मामा, इकडे गाडीच्या वायरी खातात म्हणून लोक इंजिन धुऊन घेतात, तू तेच लिही. तिकडचा चोर उंदीर नव्हे. तो मार्टेन, आपल्या मुंगसाएवढा, मांसाहारी प्राणी. त्याला वायरीची भूक नसते. आदल्या रात्री या बॉनेटमध्ये दुसरा नर बसून गेल्याचा वास त्याला येतो आणि तो संतापून दिसेल त्याला चावतो. एका गल्लीत उभी राहणारी गाडी दुसऱ्या गल्लीत लावली की भांडण पेटलंच. जर्मनीत विमा कंपन्यांकडे अशा चाव्यांचे वर्षाला दोन लाखांच्या घरात दावे येतात. म्हणून धुणं, आधीच्याचा वास गेला पाहिजे.

भाच्याचा प्राणी चुकला, पण उपाय बरोबर निघाला. उंदीरही जाता-येता मुताचे थेंब सोडत जातो आणि त्या वासाने वाट लक्षात ठेवतो. एकदा घर झालेल्या बॉनेटमध्ये दुसरा येतो तो त्याच वाटेने. टॉर्च घेऊन चाकाच्या आतल्या बाजूला वाका. टायरवरून चढून, सस्पेन्शनच्या दांड्यावरून आत जायची जी जागा आहे तिथे काळपट, मेणचट पट्टा दिसेल, जुन्या घराच्या कठड्याला हातांनी येतो तसा. तो अंगाच्या तेलाचा आणि मळाचा. आपण वरून तंबाखू, कापूर, पुदिना ओतत बसतो आणि हा वास तसाच राहू देतो.

तर वास घालण्याऐवजी तो काढायचा. बॅटरीची तार सोडा. हातमोजे आणि मास्क घाला. घर सापडलं तर केरसुणीने किंवा फुंकणीने उडवू नका, धूळ नाकात जाते. आणि उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईने तो भोगलाय. जंतुनाशकाच्या पाण्याने घर भिजवा, पाच मिनिटं थांबा, कागदात धरून उचला, पिशवीला गाठ मारा. मग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने बॅटरीचा ट्रे, बॉनेटची कड, खालचं ताट आणि मुख्य म्हणजे तो मेणचट पट्टा पुसून काढा. पाइपने जोराचं पाणी मारू नका. सेन्सरांच्या जोडांत पाणी शिरलं तर फिटरचं बिल उंदराच्या बिलाच्या वर जातं. मी हे दर पंधरा दिवसांनी करतो, पावसाळ्यात आठवड्याला. अर्धा तास लागतो आणि कंबर धरते.

सोयाबीनपासून केलेल्या आवरणाच्या वायरींबद्दल लातूरहून विचारणा आहे, तिला पुढे कधीतरी सविस्तर उत्तर देईन. जाळी मात्र पुढच्या रविवारी नक्की. तोवर एक साधी पेन्सिल घ्या आणि वायपरखालच्या त्या हवेच्या रस्त्यापाशी जा. ६ मिलिमीटरची फट छोट्या उंदराला पुरते, पेन्सिल साधारण तेवढीच. ती कुठे कुठे आत जाते ते खडूने खुणा करून ठेवा.