कुणाच्या वतीनं कोण बोलणार?

राज्यशास्त्राच्या वर्गात ‘प्रतिनिधित्व’ शिकवायला घेतलं की सुरुवात ठरलेली असते: एडमंड बर्क, १७७४, ब्रिस्टलच्या मतदारांपुढचं भाषण. प्रतिनिधीनं मतदारांचा निरोप पोचवायचा, की स्वतःच्या विवेकानं ठरवायचं? मग मिल, मग हॅना पिटकिनचं १९६७ सालचं पुस्तक. पण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलेल्या अशोक चौसाळकरांनी कौटिल्यपूर्व अर्थशास्त्र-परंपरेपासून महात्मा फुल्यांपर्यंत इथल्या राजकीय विचाराचा माग काढला. त्या वाटेनं जायचं, तर कोल्हापुरातल्या वर्गात पहिला धडा २६ जुलै १९०२ चा हवा, असं माझं ठाम मत आहे.

त्या दिवसाचा करवीर (कोल्हापूर) दरबारचा हुकूम निघाला तेव्हा शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेत गेलेले होते. हुकूम असा: यापुढे संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना. मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले सोडून सगळे. १८९४ साली महाराजांनी कारभार हाती घेतला, तेव्हा सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. पण मला या हुकमातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते एक रुक्ष कलम: खातेप्रमुखांनी नव्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सादर करायचा. नुसत्या सदिच्छेवर महाराजांनी काही सोडलं नाही.

संस्थानात तेव्हा निवडून दिलेलं विधिमंडळ नव्हतं. त्यामुळे इथं प्रतिनिधित्वाचा प्रश्न पुढं आला तो मतपेटीतून नाही, कचेरीतून. अर्ज घेऊन आलेल्या कुळाला टेबलापलीकडे आपल्यातला कुणी दिसतो का, एवढा तो साधा होता.

त्याला सिद्धान्ताचं रूप दिलं ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातल्या एका २७ वर्षांच्या प्राध्यापकानं. २७ जानेवारी १९१९ रोजी डॉ. आंबेडकरांनी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढं साक्ष दिली. त्यांचं म्हणणं असं, की कायदेमंडळात विचारांचं प्रतिनिधित्व झालं म्हणून भागत नाही, माणसांचंही व्हावं लागतं. अस्पृश्यांचं गाऱ्हाणं दुसऱ्या कुणी कितीही कळवळ्यानं मांडलं, तरी ते अस्पृश्यांनी मांडण्याची बरोबरी होत नाही. ॲन फिलिप्स या विदुषीनं विचारांचं राजकारण आणि उपस्थितीचं राजकारण असा भेद १९९५ साली पुस्तकरूपानं मांडला. मधे ७६ वर्षं गेली होती. आपल्या अभ्यासक्रमांनी ही साक्ष राखीव जागांच्या इतिहासात टाकून दिली, राजकीय सिद्धान्तात घेतली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वर्षभरानं, २१ आणि २२ मार्च १९२० ला, कागल जहागिरीतल्या माणगावी अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष आंबेडकर. शाहू महाराज तिथं गेले. १९०२ पासून ज्यांच्यासाठी हुकूम काढत आले, त्यांच्या वतीनं बोलण्याचा मान ते सहज घेऊ शकले असते. त्यांनी जमलेल्यांना सांगितलं, की तुम्हाला तुमचा पुढारी सापडला आहे.