सिएटलला जमले, ते कॅलिफोर्नियात का अडले?

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराच्या कौन्सिलने ६ विरुद्ध १ मतांनी जातिभेदावर बंदी घातली. अमेरिकेतले हे पहिले शहर. पण एका महापालिकेला एवढा अधिकार कसा? तिथे केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे राहतात आणि राज्ये त्यांतले काही शहरांना देतात. त्यामुळे नोकरी, भाड्याचे घर, हॉटेल यांतील भेदभावाविरुद्ध सिएटल स्वतः कायदा करू शकले.

कॅलिफोर्नियात लढाई राज्यपातळीवर झाली. आयेशा वहाब यांचे एसबी ४०३ विधेयक दोन्ही सभागृहांनी मोठ्या बहुमताने मंजूर केले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी ते नाकारले. (तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो, लोकांनी निवडून दिलेला असतो.) दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते पडली असती तर हा नकार रद्द झाला असता; तसे झाले नाही.

जातिभेदाला सध्याच्याच कायद्याने बंदी आहे, हे न्यूसम यांचे कारण आम्हाला पटत नाही. त्या कायद्यात ‘जात’ हा शब्दच नाही. ‘पूर्वजपरंपरा’ या शब्दात ती बसते का, हे ठरवणे न्यायालयांच्या हाती आहे, आणि त्यासाठी आधी खटला उभा राहावा लागतो.