छळ, साक्ष आणि आश्रय : मराठी धर्मपरंपरेतील एक विचार

मराठी संतचरित्रांत ‘छळ’ हा शब्द वारंवार येतो. संताचा छळ होतो, तो सहन करतो, अखेरीस छळणाऱ्याला पश्चात्ताप होतो, असा या कथांचा सर्वसाधारण आराखडा असतो. महिपतींच्या ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांनी हा आराखडा घरोघरी पोहोचविला. या आराखड्यात छळ ही भक्ताची कसोटी ठरते, आणि कसोटी म्हटली की ती घेणाऱ्याकडे दोष उरत नाही. परंतु ज्या वेळी छळ घरात, चार भिंतींच्या आत, नवऱ्याकडून किंवा सासरच्या माणसांकडून होतो, त्या वेळी त्याला कसोटी म्हणणे कितपत न्याय्य आहे? आणि ज्या धर्मसमुदायात ती पीडित व्यक्ती वावरते, त्या समुदायाने तिच्यासाठी नेमके काय करावयाचे असते? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार मराठी वाङ्मय आणि सामाजिक इतिहास यांतील काही उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे मांडता येईल. धर्मसमुदाय छळाच्या अनुभवाला तीन प्रकारे उत्तर देऊ शकतो : तो अनुभव ऐकून घेणे, पीडिताला आश्रय देणे आणि छळ करणाऱ्याला जाब विचारणे. मराठी परंपरेत पहिल्याची वाट संतांनी दाखविली, दुसऱ्याची एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी. तिसरे काम मात्र बहुतांशी अपुरे राहिले आहे. आणि ते अपुरे असते तेथे पहिली दोनही अर्धवट राहतात.

१. सखूचा दोर

कऱ्हाडच्या सखूची कथा मराठी माणसाला परिचित आहे. ‘प्रभात’ने १९४१ मध्ये तिच्यावर चित्रपटही काढला. कृष्णेवर पाणी भरायला गेलेली सखू पंढरीला निघालेली दिंडी पाहते आणि तिच्याबरोबर जाऊ लागते. शेजारीण ही बातमी सासूला सांगते. नवरा सखूला ओढून घरी आणतो आणि खांबाला बांधून ठेवतो. तेव्हा विठ्ठल सखूचे रूप घेऊन येतो, तिला मोकळी करतो आणि तिच्या जागी स्वतः बांधून घेतो.

या कथेचा भक्तिपर अर्थ स्पष्टच आहे. तथापि, तिच्यात समुदायाविषयीही एक निरीक्षण दडलेले आहे. सखूला बांधलेले आहे हे गावाला ठाऊक नव्हते असे मानणे कठीण. शेजारणीला तर ते ठाऊक असणारच. तरीही दोर सोडायला गावातले कोणी येत नाही. माणसांनी करावयाचे काम देवाला करावे लागते. लोकमनाने ही कथा रचताना छळ खरा मानला, सखूची बाजू खरी मानली, हे या कथेचे मोठेपण होय. मात्र सुटकेची जबाबदारी तिने चमत्कारावर सोपविली. कथेतील देव जे करतो ते समुदायाने करावे, ही अपेक्षा कथेत व्यक्त होत नाही. पुढील दोन उदाहरणांत ही अपेक्षा कोठवर पुरी झाली ते पाहू.

२. बहिणाबाईंचे आत्मनिवेदन

सखूची कथा लोकपरंपरेने सांगितलेली आहे. शिऊरच्या संत बहिणाबाईंनी (१६२८–१७००) स्वतःची कथा स्वतःच सांगितली. एका स्त्रीने स्वतःच्या छळाची साक्ष स्वतःच्या शब्दांत नोंदविल्याचे हे मराठीतील अत्यंत मौलिक असे जुने उदाहरण आहे. जस्टिन अ‍ॅबट यांच्या १९२९ च्या इंग्रजी अनुवादामुळे ते परभाषिक अभ्यासकांपर्यंतही पोहोचले.

वेरूळजवळच्या देवगावी जन्मलेल्या बहिणाबाईंचा विवाह वयाच्या तिसऱ्या वर्षी तीस वर्षांच्या बिजवराशी झाला. कर्जापायी कुटुंबाने गाव सोडले आणि भटकत भटकत ते कोल्हापुरास येऊन राहिले. तेथे मिळालेल्या गाय-वासरावर लहानग्या बहिणेचा जीव जडला. वासरू तिच्या पाठोपाठ जयरामस्वामींच्या कीर्तनालाही जाई. एकदा गर्दीत वासराला बाहेर काढले असता स्वामींनी ते आत बोलावले, त्याला आणि मुलीला कुरवाळले. हा प्रकार कोणीतरी तिच्या पतीच्या कानांवर तिखटमीठ लावून घातला. पतीने तिला मारहाण केली आणि बांधून टाकले. पुढे ते वासरू मेले आणि ती मुलगी कित्येक दिवस शुद्ध हरपून पडली.

या प्रसंगातील माणसे पाहिली तर एका धर्मसमुदायाचे छोटे चित्रच दिसते. चहाडी करणारा समुदायातलाच आहे. मारहाण पाहून अस्वस्थ झालेला घरमालकही समुदायातलाच आहे. जयरामस्वामी तिच्या घरी येतात आणि पतीशी बोलतात. त्यांचे बोलणे मुख्यतः मुलीच्या आध्यात्मिक योग्यतेविषयीचे आहे : ही सामान्य मुलगी नव्हे, हिला त्रास देऊ नये. येथे प्रश्न उभा राहतो की, मुलगी ‘सामान्य’ असती तर मारहाण क्षम्य ठरली असती काय? पीडितेची असामान्यता सिद्ध करून तिला संरक्षण मिळविणे हा त्या काळातील एक उपाय होता. तो तिच्यासारख्या इतर मुलींच्या कामाचा नव्हता.

याच काळात बहिणाबाईंना तुकारामांचा स्वप्नदृष्टान्त झाला. ब्राह्मण स्त्रीने शूद्र गुरू केल्याचा पतीला संताप आला आणि छळ वाढला. त्या गर्भवती असताना पती घर सोडून जायला निघाला. परंतु तो आजारी पडला, त्यांनी त्याची शुश्रूषा केली, आणि त्याचे मन पालटले. पुढे हे कुटुंब देहूला आले. तेथे मंबाजीने त्यांना त्रास दिला. त्याने त्यांच्या गाईला मारले तेव्हा त्या माराचे वळ तुकारामांच्या पाठीवर उमटले, असे बहिणाबाई सांगतात. सखूच्या कथेत देव दोर स्वतःवर घेतो, येथे गुरू मार स्वतःवर घेतो. दोन्हींत मुक्या, बांधलेल्या जीवाची वेदना दुसऱ्याच्या अंगावर दिसू लागते. वेदना खरी मानली जाणे याहून अधिक तीव्रपणे सांगता येणार नाही.

बहिणाबाईंच्या अभंगांत पातिव्रत्याचा पुरस्कारही आहे. त्यामुळे काही वाचकांना त्यांचे समाधान ही तडजोड वाटते. हा आक्षेप पूर्णतः फेटाळता येत नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते : पतीविषयी आदराने लिहिताना त्यांनी मारहाण झाकून ठेवली नाही. बालपणीचा विवाह, बांधून ठेवणे, मत्सर, जातीचा अभिमान, हे सारे त्यांनी नोंदविले. वारकरी परंपरेने हे अभंग जपले, लिहून ठेवले, म्हटले. एका स्त्रीच्या घरातील छळाची हकिकत साडेतीनशे वर्षे टिकली, ती ऐकणारा समुदाय होता म्हणून. संप्रदायाचे हे कार्य लहान मानू नये. त्याबरोबरच हेही खरे की संप्रदायाने ती हकिकत भक्तीची कसोटी म्हणून जपली, अन्याय म्हणून नव्हे. आपण, मराठीचे अध्यापकही, आत्मनिवेदनाचे हे अभंग शिकविताना बहुधा तोच अर्थ पुढे नेत आलो आहोत.

३. ऐकण्याकडून आश्रयाकडे

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाला संस्थात्मक रूप आले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवणूक किंवा बळजबरी यांमुळे गर्भवती झालेल्या विधवांना तेथे गुप्तपणे बाळंत होता येई. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ ची. म्हणजे आश्रय आधी आला आणि धर्मविचाराची संघटना नंतर, हा क्रम लक्षणीय आहे.

पुढे १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने पंढरपुरात बालकाश्रम निघाला आणि प्रार्थना समाजाने तो चालविला. पंढरपूरसारख्या क्षेत्री टाकून दिलेल्या बालकांची संख्या मोठी असणे स्वाभाविक होते. तीर्थाच्या गर्दीत लाज लपविता येते. ज्या नगरीकडे सखू धावली, त्याच नगरीत माणसांनी चालविलेला आश्रय उभा राहिला. चमत्काराकडून संस्थेकडे झालेला हा प्रवास मराठी धर्मविचाराच्या इतिहासात महत्त्वाचा मानला पाहिजे.

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि १८९० मध्ये ते पुण्यास हलविले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक म्हणजे गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाल्यावर त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. ‘माझे पुराण’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठी वाचकांना परिचित आहे. दुष्काळाच्या काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, निराधार मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. लैंगिक शोषणाला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी कृपासदन हा स्वतंत्र विभाग ठेवला. विणकाम, शेती, छापखाना अशी कामे तेथे शिकविली जात. रमाबाईंच्या बायबल-भाषांतराचे खिळेही या स्त्रियांनीच जुळविले. जखमी माणसाच्या हाताला काम आणि कामाला किंमत मिळाल्याशिवाय मन सावरत नाही, हे रमाबाईंनी ओळखले होते.

मात्र आश्रयालाही स्वतःची सत्ता असते. १८९३ मध्ये शारदा सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळविल्या जात असल्याचा वाद पेटला आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संबंध तोडले. त्या वादातील पक्षाभिनिवेश बाजूला ठेवला तरी मूळ प्रश्न उरतोच : ज्या व्यक्तीला जायला दुसरी जागा नाही तिची श्रद्धा स्वतंत्र राहू शकते काय? हा प्रश्न केवळ ख्रिस्ती संस्थेला नाही, तर आश्रय देणाऱ्या प्रत्येक धर्मसमुदायाला लागू पडतो. त्याचबरोबर हेही विचारले पाहिजे की, वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या विधवांसाठी आपली दारे उघडली होती. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचे कार्य आरंभिले, ते या प्रश्नाचे एक प्रामाणिक उत्तर होते.

४. श्रद्धाच छळाचे साधन होते तेव्हा

आतापर्यंतच्या उदाहरणांत छळ घरात होता आणि धर्मसमुदाय त्याच्या बाहेर उभा होता. परंतु काही वेळा धर्माचाच आधार घेऊन छळ होतो. खंडोबाला मुरळी आणि यल्लम्माला देवदासी म्हणून मुली वाहण्याची प्रथा हे त्याचे ठळक उदाहरण होय. या प्रथेत लहान मुलीच्या शोषणाला व्रताचे नाव मिळते, आणि नाव पवित्र असल्यामुळे तक्रारीला शब्दच उरत नाही. प्रार्थना समाजाचे प्रचारक विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुरळीच्या प्रथेविरुद्ध प्रयत्न केले, ते एका श्रद्धावंत माणसाने श्रद्धेच्या नावाने चाललेल्या अन्यायाला दिलेले आव्हान होते. १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. महाराष्ट्राने २००५ मध्ये या प्रथेच्या निर्मूलनासाठी नवा कायदा केला.

जाब विचारण्याचे काम येथे शेवटी कायद्याकडे गेले, आणि इतर क्षेत्रांतही तसेच घडले. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याने अशा अपराधाची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती कळविण्याचे बंधन घातले. त्यातून महाराज, मौलवी, भिक्खू किंवा फादर कोणीही सुटत नाही. कॅथलिक चर्चमध्ये पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये, अशा प्रकारांची माहिती धर्मगुरू आणि संन्यस्त व्यक्तींनी वरिष्ठांना कळविलीच पाहिजे, असा नियम घालून दिला. संस्थेची अब्रू राखण्यासाठी मौन पाळणे हे सद्वर्तन नव्हे, हे धर्मसंस्थेला स्वतःच्या नियमांत लिहावे लागले, यातच या प्रश्नाचे गांभीर्य दिसते.

५. समारोप

वरील विवेचनातून धर्मसमुदायापुढील कर्तव्यांचा एक क्रम सूचित होतो. प्रथम ऐकणे : पीडित व्यक्ती सांगते ते कर्मफळ, प्रारब्ध किंवा कसोटी या शब्दांत न बसविता ऐकून घेणे. नंतर सुरक्षितता : दोर सोडणे, जागा देणे, आणि त्या बदल्यात श्रद्धेची किंमत न मागणे. त्यानंतर जाब : छळ करणाऱ्याचे स्थान, वय, मान किंवा अधिकार न पाहता त्याला उत्तरदायी धरणे आणि कायद्याच्या आड न येणे. क्षमेचा विषय या सर्वांच्या अखेरीस येतो, आणि तो सर्वस्वी पीडित व्यक्तीचा आहे. हा क्रम उलटा केला, म्हणजे क्षमेची मागणी आधी केली, की समुदाय छळ करणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो. मग त्याचा हेतू कितीही सात्त्विक असो.

मन सावरण्याच्या कामी श्रद्धेचे सामर्थ्य मोठे आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बहिणाबाईंना अभंगाने स्वतःचा आवाज दिला. पंढरीच्या वाटेने सखूला घराबाहेरचे जग दिले. केडगावच्या स्त्रियांना त्यांच्या प्रार्थनेने आणि कामाने उभे केले. कायदा शिक्षा देऊ शकतो. एकटेपणा घालविण्यासाठी सोबत लागते, आणि ती समुदायच देऊ शकतो. परंतु त्यासाठी आपल्याच वाङ्मयाचे वाचन अधिक सावधपणे करणे अगत्याचे आहे. बहिणाबाईंचे आत्मनिवेदन यापुढे वर्गात शिकविताना त्यातील भक्तीबरोबरच त्यातील मारहाणीलाही तिचे खरे नाव दिले पाहिजे. समोर बसलेल्या एखाद्या विद्यार्थिनीला ते नाव प्रथमच ऐकावयास मिळत असेल, आणि आपल्या घरी चालते ते कोणाला तरी सांगता येते, हे तिला त्या अभंगांतून उमगू शकेल.