रेडिएटरमधली अडेल हवा

कूलंट नुकतंच बदललेलं, टाकी काठोकाठ, तरी घाटात काटा लाल रेषेकडे चढतोच. दोष बहुधा आत अडकलेल्या हवेचा. वॉटर पंपाचं पातं द्रव ढकलतं. हवेत नुसतंच गरगरतं. सेन्सरच बुडबुड्यात सापडला, तर काटाही खोटं बोलतो.

हवा वर चढते, म्हणून थंड गाडीचं नाक चढावर ठेवायचं, हीटर पूर्ण गरमवर करायचा आणि कूलंट सावकाश ओतायचं. ब्लीड स्क्रू असेल तर सैल करा. फसफस थांबून अखंड धार लागली की आवळा. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांना उघडतो, तोवर इंजिन चालू हवं. उघडला की पातळी अचानक खाली जाऊ शकते. घाबरण्याचं कारण नाही. गाडी निवली की भर घाला. तापलेलं झाकण मात्र उघडूच नका. दाबामुळे कूलंट शंभर अंशांपुढेही न उकळता राहतं. दाब सुटताच उसळून अंगावर येतं.