आळशी डोळा : मोठेपणी उपचार होतो का?



बैलजोडीतला एक बैल नुसताच जुवाला मान देऊन चालतो आणि सगळी ओढ दुसऱ्यावर पडते, हे आपण पाहतो. काहींच्या डोळ्यांचेही असेच असते. डोळा बाहेरून निरोगी दिसतो, पण दुसरा झाकला की समोरचा माणूस नीट ओळखू येत नाही. चष्मा लावूनही पूर्ण दिसत नाही. यालाच आळशी डोळा किंवा मंददृष्टी म्हणतात. शंभरात दोन-तीन जणांना हा दोष असतो.

खरा दोष मेंदूच्या सवयीत असतो. लहानपणी एक डोळा तिरळा असला, दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असला किंवा जन्मतः मोतीबिंदू असला, तर त्या डोळ्याकडचे चित्र मेंदू बाजूला सारतो आणि एकाच डोळ्यावर काम भागवतो. पुढे ती सवय पक्की होते.

सात-आठ वर्षांनंतर उपयोग नाही, असे पूर्वी सांगत. अमेरिकेत 2005 साली 7 ते 17 वयाच्या 507 मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा ही समजूत ढिली पडली. पूर्वी कधीच उपचार न झालेल्या 13 ते 17 वयाच्या मुलांत चष्मा व पट्टी मिळून शंभरी 47 जणांची नजर तक्त्यावर दोन ओळी तरी सुधारली. नुसत्या चष्म्याने 20 जणांची सुधारली.

मग मोठ्या माणसांनी काय करावे?

1. चष्मा : पहिला उपाय हाच. आळशी डोळ्याचा पूर्ण नंबर काढून चष्मा काही महिने नेमाने वापरावा. नंबरात फार फरक असेल तर चष्म्याने गरगरते. अशांना डॉक्टर डोळ्यात बसवायची लेन्स देतात.

2. पट्टी : मोठेपणी गुण येईलच असे नाही. शिवाय एकाच्या दोन वस्तू दिसू लागण्याचा धोका असतो, म्हणून मनाने पट्टी बांधू नये. पट्टी बांधून ट्रॅक्टर चालवणे किंवा विहिरीवर जाणे तर नकोच.

3. संगणकावरचे खेळ : दोन्ही डोळ्यांना खेळाचा वेगवेगळा भाग दाखवून एकत्र कामाला लावायचे, अशी ही पद्धत. 2013 साली 18 प्रौढांवरील प्रयोगात फायदा दिसला. पण 2018 सालच्या 115 जणांच्या मोठ्या चाचणीत साध्या खेळापेक्षा जास्त गुण आला नाही. त्यामुळे याच्या नावाखाली कुणी हजारो रुपये मागितले तर आधी नेत्रतज्ज्ञांना विचारा.

4. शस्त्रक्रिया : तिरळा डोळा मोठेपणीही सरळ करता येतो. चारचौघांत बोलताना संकोच जातो, हा फायदा लहान नाही. पण त्याने नजर वाढत नाही. लेझरने चष्म्याचा नंबर जातो, मेंदूची सवय जात नाही.

थोडक्यात, तपासणी करून घ्या, पण जादूची अपेक्षा ठेवू नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. ज्याचा एक डोळा आळशी, त्याचा सगळा संसार दुसऱ्या डोळ्यावर चाललेला असतो. पाचट काढताना, ऊस तोडताना पात्याची धार बुबुळाला लागते. जखमेत बुरशी शिरली तर फूल पडून नजर कायमची जाऊ शकते. म्हणून अशा सभासदाने फडात जाताना, फवारणी करताना, वेल्डिंगजवळ उभे राहताना डोळ्यांना योग्य संरक्षक चष्मा लावलाच पाहिजे. नंबर नसला तरी लावावा. डोळ्याला लागले तर स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दूध, मध, तूप घालू नका, जिभेने कचरा काढू नका. दुकानातून मनाने आणलेले थेंबही टाकू नका. त्यात स्टेरॉइड असले तर बुरशी जास्तच फोफावते.

आणि घरातली पोरं विसरू नका. मुलाला आपला एक डोळा कमी दिसतो हे कळतच नाही, कारण दुसऱ्यावर त्याचं भागतं. आज संध्याकाळीच एकेक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे दहा फुटांवरून वाचायला सांगा. एका डोळ्याने अडखळला, तर शाळेच्या तपासणीची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञांकडे न्या. मोठेपणी जे अवघड जाते, ते या वयात चष्मा आणि पट्टीवर बहुधा साधते.